कुंकवाखालची ओळ

"ह्यो मी नाय," आबा म्हणाले आणि त्यांनी उठून स्पीकर बंद केला.

सर्वेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझा हा थोरला भाऊ आबांच्या पंच्याहत्तरीला पुण्याहून मुद्दाम गावी, कुसव्याला, आला होता, आणि भेट म्हणून आबांच्याच गाजलेल्या भजनाची 'स्वरपूर्ती' केलेली प्रत घेऊन आला होता. ना खरखर, ना खोकला, ना मधूनच ओरडणारं पोर. झांज अशी लखलखीत वाजत होती की जणू कालच घासून ठेवलीय. आवाजही आबांचाच होता. तरी आबांचं म्हणणं एकच, ह्यो मी नाय.

"आबा, अख्खं जग हेच ऐकतंय," सर्वेश म्हणाला. "मूळ रेकॉर्डिंगपेक्षा चांगलं झालंय."

"चांगला झाला म्हणान माझा झाला काय रे?"

सर्वेश केक कापायला गेला.

ज्यांना डबल बारी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या सिंधुदुर्गात दोन भजनी बुवा आपापलं मंडळ घेऊन समोरासमोर बसतात. एक गातो, मग दुसरा गातो. गाता गाता एकमेकांना कोडी घालतात, चिमटे काढतात, आणि समोरच्याला उत्तर तिथल्या तिथे गाऊनच द्यावं लागतं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी, २००८ साली, आमच्या देवळाच्या जत्रेत विश्राम बुवा वारंग, म्हणजे आमचे वडील, आबा, आणि नदीपलीकडच्या मासद्याचे लवू बुवा तुळसकर यांची अशी बारी रंगली होती. पहाटेकडे लवू बुवांनी शेवटचं कोडं घातलं:

जन्म पाण्यातला, वास पाण्यातला,
अंगाला पाणी ना लागे ।
सांग ऐसा कोण, विश्राम बुवा,
नाही तर सरक मागे ॥

आबांनी बसल्या जागी उत्तर रचलं, गायलं, आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. एवढं सगळ्यांना आठवतं. उत्तर काय होतं ते मात्र कोणालाच आठवत नाही, आणि यात आबाही आले. बारीतली ओळ तशीच असते. सुचते, गाऊन होते, आणि बुवा पुढच्या ओळीकडे वळलेला असतो. आबांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. "कमळ नाय म्हटलंय मी. कमळ कोणय म्हणतलो."

आणि स्वरपूर्तीच्या प्रतीत आबा ठणठणीत आवाजात गात होते, 'कमळाचे पान, कमळाचे पान!'

हे झालं कसं, ते मला नीट ठाऊक होतं, कारण माझं पोटच या विषयावर चालतं. कुडाळच्या प्रयोगशाळेत आम्ही क्वार्ट्झच्या काचेत लेसरने माहिती कोरतो. ती काच उकळा, आपटा, खाऱ्या वाऱ्यात टाका, माहितीला काही होत नाही. पण काचेत कोरायला आधी अस्सल माहिती हाती हवी, आणि ती मिळणं दिवसेंदिवस मुश्कील होत चाललं होतं.

आबांची बारी होती सीडीवर. घरी जाळलेल्या, म्हणजे 'बर्न' केलेल्या, सीडीत रंगाचा एक पातळ थर असतो. लेसरने त्या थरावर सूक्ष्म ठिपके उमटतात. ते आतून बाहेर जाणाऱ्या एका लांबलचक सर्पिल रेषेत मांडलेले असतात, आणि तेच गाणं. गाणं सलग लिहिलेलं नसतं. त्याचे आकडे विखरून ठेवतात आणि प्रत्येक गठ्ठ्याबरोबर काही जादा आकडे जोडतात. थोडे आकडे पुसले गेले तर उरलेल्यांवरून ते अचूक काढता येतात. हा अंदाज नव्हे, हिशेब आहे. आणि पुसलेलं फारच जास्त असेल तर हिशेब सरळ सांगतो की मला माहीत नाही. मला त्याचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

स्वरपूर्तीला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. लाखो गाणी ऐकून शिकलेलं ते यंत्र भोक दिसलं की तिथे बहुतेक सगळे जे गातात ते गाऊन टाकतं, आणि तेही मूळ गायकाच्या आवाजात. लोक खूश झाले. त्यांनी जुन्या सीडी प्लास्टिकच्या गाडीत टाकून दिल्या. मग यंत्र आपणच भरलेल्या गाण्यांवरून पुन्हा शिकू लागलं. दहा-बारा वर्षांत सगळे गायक एकसारखी हरकत घेऊ लागले, एकाच जागी श्वास घेऊ लागले आणि पाण्यात न भिजणाऱ्या प्रत्येक वस्तूचं कमळ झालं.

पलीकडच्या गावाने या कमळाचं सोनं केलं. इतकं शिळं उत्तर देणारा बुवा हरला, हे उघडच होतं. मासद्याच्या वेशीवर लवू बुवांच्या नावाने 'डबल बारी सम्राट' अशी कमान उभी राहिली, आणि आबांना लोक 'कमळवाले बुवा' म्हणू लागले. आबा आधी चिडले, मग हसण्यावारी न्यायला लागले, आणि मग त्यांनी पेटीवर जी चादर घातली ती काढलीच नाही. त्या पंच्याहत्तरीच्या दिवशी सर्वेश गेल्यावर ते मला म्हणाले, "म्हटलंय पण असात गो मी कमळ. इतकी माणसां सांगतत ती खोटी कशी सांगतली?"

ते चिडले असते तर मला चाललं असतं. त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडालेला मात्र मला बघवेना. मी तेव्हाच ठरवलं की ती ओळ शोधून काढायची.

आबांची मूळ डिस्क घरातच होती; स्वरपूर्तीत गेलेली नक्कलही तिचीच. सहा डिस्कची ती चळत होती आणि शेवटचं कोडं अगदी वरच्या डिस्कवर होतं. ती हातात घेतली आणि मी कपाळाला हात लावला. डिस्कच्या छापील बाजूवर लालभडक, वाळून कडक झालेला कुंकवाचा थर होता.

आमच्याकडे खंडेनवमीला पेटी, पखवाज, झांजा पाटावर मांडतात आणि बाजूला या डिस्क. आबा दर वर्षी सगळ्यांना ओल्या कुंकवाचं बोट लावतात. चळतीतल्या वरच्या डिस्कलाही लावतात, आणि तेही नेमकं एकाच जागी, जिथे 'श्री' लिहिलेलं आहे तिथे. खालची चकचकीत बाजू नाजूक म्हणून तिला कधी नख लागू दिलं नाही. पण सीडीची नाजूक बाजू वरची असते. तिथे लाखेच्या पातळ थराखाली लगेच आरशाचा आणि रंगाचा थर असतो. इतक्या वर्षांच्या ओल्या कुंकवाने तो बोटाएवढा खाऊन टाकला होता. मनोभावे केलेल्या पूजेनेच भजन खाल्लं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत 'स्थिरवाचक' नावाचं यंत्र आहे. ते डिस्क फिरवत नाही, तिचा ठिपकान् ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली टिपतं. त्यात डिस्क घातली. बाकी सगळं जसंच्या तसं मिळालं, पण त्या बोटाच्या पट्ट्यात येणारी शेवटची वीसेक मिनिटं गेली होती. ठिपक्यांची सर्पिल रेषा प्रत्येक फेरीला डागाखालून जाते, म्हणून त्या वीस मिनिटांत सेकंदाला तीन-चार भोकं पडली होती. जादा आकड्यांच्या हिशेबाला इतकी मोठी भोकं झेपत नाहीत.

मग मला गुणाजी मेस्त्री आठवले. हे आमच्या भागातले साऊंडवाले. ते आता नाहीत. बारीत उगाच भांडणं नकोत म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. बारी संपली की दोन्ही बुवांना समोर बसवायचं आणि त्यांच्या देखत एकाच रेकॉर्डिंगवरून, एकाच वेळी, प्रत्येक डिस्कच्या दोन प्रती जाळायच्या आणि दोन्हींवर हाताने 'श्री' लिहायचं. एक याला, एक त्याला. म्हणजे कोणी कापाकापी केली असं उद्या कोणी म्हणायला नको.

तेव्हा आबांच्या डिस्कला एक जुळी बहीण होती, आणि ती मासद्याच्या सम्राटाच्या घरी होती.

---

"माझ्या हारीचा सर्टिफिकेट मीच तुका हाडून दिऊ?" लवू बुवा म्हणाले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण आवाज अजून मैदानाचा होता. "वारंगाची पोर मागता म्हणान?"

"बुवा, तुमका आठवता काय, आबांनी काय उत्तर दिलेला?"

"नाय आठवत." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "माणसां उठलेली ती आठवतत. माझ्या मंडळातलो पखवाजवालोसुद्धा उठलेलो, मेलो."

"मगे कमळ ऐकान कोण उठतलो?"

"ता माका सांगू नको. कमान गाववाल्यांनी घातली, मी नाय घातलंय. पण घातली ती घातली. आता ह्या वयात उतरवू?"

खोटं बोलत नव्हता म्हातारा. त्याला ते जमतच नव्हतं. पण डिस्कही द्यायची नव्हती. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांच्या नातीचं गाणं ऐकू आलं. तीही भजन शिकत होती, आणि त्याच बारीतली आजोबांची गवळण स्वरपूर्तीच्या ॲपवर लावून तिच्याबरोबर गात होती. लवू बुवांनी तोंड वाकडं केलं.

"ऐकलंस? सरळ सूर लावता. माझो सूर थय वाकडो होतो, मुद्दाम वाकडो. गवळण रुसली हा थय! मी शिकवूक गेलंय तर माका म्हणता, आजोबा, तुमी चुकतास. मशीन बरोबर आणि मी चूक!"

"बुवा, ती गवळण खयच्या डिस्कर हा?"

"शेवटच्या."

"म्हणजे तीय यंत्रानंच भरल्यान. तुमचो खरो सूर तुमच्या डिस्करच असतलो."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग काठी टेकत आत गेले आणि एक लाल फडक्यात गुंडाळलेली डिस्क घेऊन आले. मी हात पुढे केला, तसा त्यांनी फडका छातीशी धरला.

"दिवचंय नाय. मी स्वतः घेवन येतलंय. विश्रामाकय बोलव. दोघांच्या देखत काय ता कर. गुणाजी करी तसा."

"आणि ओळ निघाली तर?"

"निघाली तर निघाली. पण माझी गवळण रुसलेलीच निघूक व्हयी."

---

दोघे प्रयोगशाळेत समोरासमोर बसले. एकमेकांशी बोलेनात की एकमेकांकडे बघेनात. मध्ये मी, स्थिरवाचक आणि दोन डिस्क.

लवू बुवांनी फडका सोडला. त्यांच्या डिस्कवर अष्टगंधाचा अंगठा उमटलेला होता. तोही 'श्री'वर. केंद्रापासून अंतर अगदी आबांच्या कुंकवाएवढंच. म्हणजे तीच शेवटची वीस मिनिटं. तिथेच ओळ, तिथेच गवळण. एवढं रामायण करून हाती आलं काय, तर त्याच जागचं दुसरं भोक!

"होवचा नाय," मी म्हणाले. "दोघांनी एकाच जागेर लावलास."

आबांनी मान खाली घातली. लवू बुवांनी घातली नाही. त्यांनी किती वर्षांनी कोण जाणे, आबांकडे पाहिलं.

"तू खय लावतस?"

"श्रीवर. तू?"

"श्रीवरच. आणि खय लावतले?"

"आमका काय म्हायत, भित्तुर गाणा हा म्हणान," आबा म्हणाले.

"गुणाजीन थयच कित्याक लिवल्यान श्री?"

"थयच म्हणजे? डिस्क भायर इली की हातात येयत तशी धरान लिवी. तेका खय सरळ-उलटा कळा? गोल वस्तूक डोक्या खय आसता?"

मी पुढचं काही ऐकलं नाही. ताडकन उठले.

गोल वस्तूला डोकं नसतं! गुणाजींनी 'श्री' लिहिलं ते डिस्क जाळून झाल्यावर, कशीही धरून. आत गाण्याची सर्पिल रेषा कुठून सुरू झालीय याच्याशी त्या 'श्री'चा काही संबंध नव्हता. दोन्ही डाग केंद्रापासून सारख्याच अंतरावर होते, पण गाण्याच्या फेरीत त्यांची जागा वेगळी असणार होती. आमचं यंत्र डिस्क फिरवत नाही, म्हणून डिस्क फिरते हेच मी विसरले होते. वीस मिनिटं दोघांचीही गेली होती खरी, पण प्रत्येक फेरीत आबांची डिस्क ज्या क्षणाला आंधळी होती, त्या क्षणाला लवू बुवांची बघत होती. आणि तिची पापणी मिटेपर्यंत आबांची उघडलेली होती.

बारीच की ही! एक थांबतो तेव्हा दुसरा गातो.

दोन्ही डिस्कची चित्रं मी एकमेकांवर बसवली. दोन जळणी केसभर पुढेमागे सुरू झाली होती, तेवढं एक चित्र सरकवलं. कुंकवाखालचे ठिपके अष्टगंधवाल्या डिस्कमधून घेतले, अष्टगंधाखालचे कुंकवाच्या डिस्कमधून. काही फेऱ्यांत दोन्ही डागांच्या कडा एकमेकींवर आल्या होत्या, पण तेवढी भोकं जादा आकड्यांनी हिशेबाने भरून काढली. अंदाजाचा एक कण मी आत येऊ दिला नाही. शेवटी संगणकाने सगळे गठ्ठे पुन्हा तपासले. न जुळणारे गठ्ठे: शून्य.

हे सुधारलेलं नव्हतं, भरलेलं नव्हतं. २००८ सालच्या त्या पहाटे गुणाजींच्या यंत्रात जे आकडे होते, अगदी तेच आकडे होते.

"लावतंय," मी म्हणाले.

आधी खरखर आली. मग खोकला. एक पोर रडलं आणि बाई त्याला दटावताना ऐकू आली. मग लवू बुवांची गवळण, आणि 'जाऊ नको रे' या शब्दावर सूर असा काही वाकडा झाला, असा रुसला, की खुर्चीतल्या लवू बुवांनी मांडीवर थाप मारली. "ह्यो! ह्यो मी! आता शिकवतंय तिका!"

मग त्यांचं कोडं आलं. 'नाही तर सरक मागे'वर त्यांच्या मंडळाने झांजांचा कल्लोळ केला. त्यानंतर पेटीचा एकच सूर लांबत राहिला. आबा विचार करत होते. समोर खुर्चीतले आबाही श्वास रोखून बसले होते. आणि मग आबांचा आवाज आला, छत्तिशीतला, थोडा फाटलेला, मस्तीत:

पाण्यात पडली लवूची सावली,
तिजला पाणी ना लागे ।
देह भिजतो, सावली कोरडी,
तैसा हरी देही जागे ॥

पुढचं काही क्षण ऐकूच आलं नाही, इतका गलका. टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्या सरकल्याचे आवाज. आणि त्या गलक्यात माइकच्या अगदी जवळून एक आवाज. स्वरपूर्तीने गोंगाट म्हणून पुसून टाकलेला, इथे मात्र स्पष्ट: "मानलंय रे विश्राम! मानलंय तुका!"

मी लवू बुवांकडे पाहिलं. त्यांचा आ वासलेला होता.

"ता मीच?"

"तूच," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "माझ्या तोंडार माझा नाव असता तर विसरलंय नसतंय. मी तुझा नाव घेतलेलंय रे. कोड्याचा उत्तर तूच होतस."

लवू बुवा काठी टेकून उठले. मला वाटलं निघाले. ते आबांपाशी गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"म्हटलंय तर म्हटलंय," ते म्हणाले. "परत म्हणतंय. मानलंय."

मी तिथेच बसून रडले. मग डोळे पुसले, क्वार्ट्झच्या दोन चकत्या लेसरखाली ठेवल्या आणि दोघांच्या देखत, एकाच वेळी, दोन्हींत बारी कोरली. एक याला, एक त्याला.

---

बातमी वाऱ्यासारखी पसरली. गुणाजींनी जिल्हाभर बाऱ्या रेकॉर्ड केल्या होत्या, आणि प्रत्येक डिस्कची जुळी बहीण कुठल्यातरी वैऱ्याच्या घरी होती. आमच्या दारात आता माणसं जोडीजोडीने येऊ लागली. वीस-वीस वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले बुवा, त्यांची पोरं, कोणाच्या डिस्कला हळद, कोणाच्या डिस्कला झेंडूचा डाग. एकट्याने आणलेली डिस्क बहुतेक वेळा अर्धीच निघायची. दोघे मिळून आले की पुरी. सर्वेशने पुण्यात आपल्या ओळखीच्या सगळ्यांना ती मूळ प्रत पाठवली, खरखरीसकट, आणि मला फोन करून म्हणाला, "ते पोर रडतं ना मधेच, ते आपल्याच वाडीतलं असेल काय गो?" एवढ्यावरून मी समजले की त्यालाही आता खरखरीतलेच आबा हवे होते. मासद्याची कमान लवू बुवांनी उतरवली नाही. तिच्यावर आबांचं नाव घालून घेतलं.

खंडेनवमीला लवू बुवा आपल्या नातीला घेऊन आमच्याकडे आले. आपली काचेची चकतीही घेऊन आले. पाटावर पेटी होती, चादर केव्हाच निघालेली. बाजूला दोन्ही चकत्या पाण्यासारख्या स्वच्छ. आबांनी पेटीला कुंकू लावलं, पखवाजाला लावलं, झांजांना लावलं. मग ओलं बोट चकतीपर्यंत नेलं आणि तिथेच थांबले. चोरी पकडल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"नको गो?"

मी कुंकवाचा करंडा त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"लावा, आबा. काचेक काय होवचा नाय."

आबांनी चांगलं बोट भरून कुंकू लावलं. लवू बुवांनी शेजारी अष्टगंधाचा अंगठा उमटवला. मग दोघे पेटीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसले, आणि लवू बुवा नातीला म्हणाले, "झांज घे गो. ह्याका आज नवीन कोडा घालतंय. बघूया, कमळ म्हणता काय ता!"